पिसांना लागलेली हळद

तुकड्यांना हळद-मीठ चोळून झालं आणि गजेंद्रने पालू माशाचं डोकं उचललं. जबड्यात माशी अडकली होती. खरी नव्हे. गळाला पांढरी पिसं बांधून केलेली, साहेबाची.

"मेलो," तो म्हणाला. बोटांनी ती सोडवून ताटात ठेवली.

समोर पीटर कांदा सोलत बसला होता. पीटर वसईचा, कॅम्पचा स्टोअरकीपर. ईस्टर आठवड्यावर आलेला, त्याचा उपवासकाळ चालू, मटण-कोंबडी बंद. त्याच्यासाठी म्हणून गजेंद्रने, मेसच्या आचाऱ्याने, सकाळी खाडीत पागाचं जाळं मारलं होतं. पहिल्याच फेकीत तीन किलोचा पालू. एवढं नशीब आपलं नाही, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

"खलास. टाक कचऱ्यात," पीटर म्हणाला.

"वेडा काय? साहेबाच्या बापाने बांधलेली माशी आहे ती."

ओमानमधल्या दुक्मच्या अख्ख्या कामगार-कॅम्पला ती माशी ठाऊक होती. मॅकब्राइड साहेब कॅम्पचा मॅनेजर, स्कॉटलंडचा. तिकडे मार्च लागला की नदीत ट्राउट मासा हलायला लागतो म्हणे, आणि चांगले शिकलेले बाप्ये कंबरभर गार पाण्यात उभे राहून पिसांच्या माश्या नाचवतात. इथे नदी कुठून आणणार? म्हणून साहेब दर शुक्रवारी खाडीत उभा. मासा लागला की दोन्ही हातांत धरायचा, त्याच्याशी काहीतरी बोलायचा आणि सोडून द्यायचा. गजेंद्र गुहागरकडचा. तीन वर्षं त्याने हे बघितलं. दर शुक्रवारी सोडलेल्या माशाच्या तुकड्या तो मनातल्या मनात मोजायचा.

"मासा आपला पाहुणा आहे," साहेब मेसमध्ये उभा राहून सांगायचा. "पाहुण्याला कापत नाहीत." खाडीवर त्याने बोर्डच ठोकला होता. जो मासा मारील त्याची रजा रद्द.

काल त्या पालूने दोरा तोडून बापाची माशी नेली. साहेब न जेवता खोलीत गेला. टेबलावरच्या एकाही कागदावर सही नाही. त्यात गजेंद्रचा अर्जही होता.

अर्ज शिमग्याचा. विमान मंगळवारचं. गावची पालखी त्याचा बाप नाचवायचा, पण पावसाळ्यात पडून बापाचा खांदा गेला. यंदा खांदा गजेंद्रने द्यायचा. तो पोचला नाही तर तो मान भावकीत जाणार आणि बाप ओटीवर बसून नुसता बघणार.

"माशी दिली तर मासा मारला हे कळणार," गजेंद्र म्हणाला. "नाही दिली तर हा असाच सुतकात बसणार, सही करायचा नाही."

"टोपीत खोच त्याच्या. वीस माश्या असतात तिच्यात. गेली ती दुसरीच, असं वाटेल म्हाताऱ्याला."

"आणि नाही वाटलं तर?"

"तर मी तुला ओळखत नाही."

साहेबाची टोपी मेसच्या दाराशी खुंटीला असायची. गजेंद्रने माशी खोचली आणि भात उपसायला गेला. अर्ध्या तासात निरोप आला. साहेब बोलावतोय.

टेबलावर रजेचा अर्ज होता. अर्जावर माशी होती.

"ही पांढरी होती," साहेब म्हणाला.

पिसं पिवळीधमक झाली होती. गजेंद्रने हात मागे नेले, पण उशीर झाला होता. साहेबाने त्याची पिवळी नखं बघितली होती.

साहेब उठला. दार लावून घेतलं. परत येऊन बसला.

"किती वजनाचा होता?"

"तीन किलो, सर." आता खोटं बोलून उपयोग नव्हता.

"काय करणार त्याचं?"

"तुकड्या तळायच्या, सर. डोक्याचं कालवण."

साहेबाने माशी उचलून खिशात ठेवली. पेन काढलं, अर्जावर सही केली, कागद पुढे सरकवला. पण त्याच्यावरचं बोट काही उचललं नाही.

"बापाने मला सगळं शिकवलं," तो हळू आवाजात म्हणाला. "माशी बांधायला, फेकायला, मासा दमवायला. मासा कापून साफ मात्र आई करायची. मला येत नाही, म्हणून सोडतो. दोन तुकड्या मागच्या दाराने पाठव. आणि मंगळवारी जायच्या आधी सुरी कशी धरायची ते एकदा दाखव."