मागच्या बाजूचा थांबा

"आधी माझा नंबर आहे," बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस म्हणाला. "पण तुम्हाला घाई असेल तर तुम्ही जा पुढे."

"नको, नको. जितका उशीर होईल तितकं बरं," ती म्हणाली.

तो हसला. पन्नाशीचा असेल. शर्टाला कडक इस्त्री, दाढी इतकी घोटलेली की हनुवटीवर कापलं होतं. तो उठला, समोरच्या भिंतीवरची तिरकी तसबीर सरळ केली आणि परत येऊन बसला.

आतले डॉक्टर मनाच्या आजारांचे. आजारपणाची रजा संपली की 'कामावर जाण्यास हरकत नाही' असा दाखला त्यांच्याकडून घ्यावा लागे. तो मिळाला नाही की नोकरीला रामराम. तिची रजा आज संपत होती. थोरली बहीण सोबत यायला निघाली होती, पण हिनंच नको म्हटलं. आता वाटत होतं, आणायला हवं होतं.

"काय काय विचारतात हो, काका?"

"झोप लागते का, जेवण जातं का, कामाच्या आठवणीनं छातीत धडधडतं का. मी सगळी उत्तरं पाठ करून आलोय. माझीही आजच शेवटची संधी. बायको म्हणते, शाळेत एवढा अभ्यास केला असतात तर साहेब झाला असतात."

कित्येक दिवसांनी ती खुदकन हसली.

"तुम्हाला काय झालं होतं?"

"साधं बैठं काम माझं. पण साहेब चारचौघांत पाणउतारा करायचे. एक दिवस जिन्यातच बसलो, ते उठवेचना." त्यानं कोपऱ्यातल्या माठातलं पाणी पेल्यात घेतलं. "आणि तुमचं?"

सहा महिने ती ज्याबद्दल घरातही बोलली नव्हती, ते या परक्या माणसापुढे घडाघडा बोलली.

ती नकाशांना शाई करायची. त्या काळी नकाशे हातानंच काढत; बारीक निबानं नद्या निळ्या, रस्ते तांबडे. कागद पुरा झाला की लाकडी पेटीत ठेवायचा आणि दोरी ओढायची. कप्पीवरून पेटी वरच्या मजल्यावर जायची. तिथं तपासनीस बसायचा. त्याचा जिना वेगळा, येण्याजाण्याची वेळ वेगळी. खालच्या कोणी त्याला कधी पाहिलं नव्हतं. चूक दिसली की तो फुली मारायचा.

"दुसऱ्यांच्या कागदावर एखाददुसरी. माझा कागद खाली यायचा तो गोवर आल्यासारखा. आणि फुली तरी माणसासारखी मारावी! एक पाय लांब ओढलेला, टोक वर वळलेलं. म्हणून सगळे त्याला विंचू म्हणायचे."

"विंचू," तो पुटपुटला.

"एकदा त्यानं कडेला लिहून पाठवलं, 'हात आहेत की खूर?' झालं! त्या दिवसापासून ऑफिसात माझं नाव पडलं घोडी. पेटी उतरायला लागली की सगळे भोवती गोळा व्हायचे आणि टेबलावर बोटांनी टापा वाजवायचे. टक-टक, टक-टक. शेवटीशेवटी नुसती कप्पी करकरली तरी मला उमळून यायचं."

त्यानं पेला तोंडापर्यंत नेला होता, तो तसाच धरून ठेवला.

"हे त्याला कोणी सांगितलं नाही?"

"विंचवाच्या बिळात बोट कोण घालणार?"

"मग आता कशाच्या जोरावर परत निघालात?"

"मैत्रिणीकडून कळलं, त्याची बदली झाली म्हणे. वर दुसरंच कोणी बसतं."

"आणि आला परत, तर?"

ती पदराच्या टोकाला पीळ घालत राहिली. "तर मी संपले, काका. पुन्हा निब हातात धरायची नाही. माझ्या हाताला वळण आहे हो. तेवढं एकच मला येतं."

दार उघडून नर्सबाईंनी त्याला हाक मारली. पाणी न पिताच पेला खाली ठेवून तो आत गेला.

बराच वेळ गेला. आतून काही ऐकू येत नव्हतं.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या गळ्याचं बटण उघडं होतं.

"मिळाला?"

"नाही."

"अहो, पाठ केलं होतं ना सगळं?"

"ऐन वेळी गडबडलो. अजून छातीत धडधडतं, कामाला हात लागणार नाही, असं सांगून बसलो."

"मग आता नोकरी?"

"बायकोला बाजारात पिशव्या धरायला माणूस हवाच होता." तो हसला, पण डोळे हसले नाहीत.

तिला वाटलं, या शहाण्यासुरत्या माणसाला नाही, तर आपल्याला कोण देणार?

"तुम्हाला देतील," तो म्हणाला. "हाताला वळण आहे म्हणून सांगा. घरी कशा जाणार?"

"बसनं. पण पुढचा रस्ता खणलाय, येताना बसनं लांबच उतरवलं, इथला थांबा काही दिसला नाही."

"मागच्या बाजूला नेलाय. थांबा जरा, नकाशा काढून देतो." खिशातलं गोळ्यांचं रिकामं खोकं उकलून त्यानं गुडघ्यावर सपाट केलं आणि नर्सबाईंच्या टेबलावरची पेन्सिल घेतली. काढता काढता एकदा थांबला. मग उरलेलं काढलं, घडी घातली आणि तिच्या हातात दिली.

तेवढ्यात तिला हाक आली. ती उठली आणि दारापाशी जाऊन मागे वळली.

"जा पोरी. बिनधास्त जा. तो आता परत यायचा नाही."

"तुमच्या तोंडात साखर पडो, काका."

डॉक्टरांनी फारसं काही विचारलं नाही. सही करताना ते म्हणाले, "हाताला जपा." दाखला घेऊन ती धावतच बाहेर आली, त्याला दाखवायला. बाक रिकामा होता. पाण्याचा भरलेला पेला तिथंच होता.

फाटकाबाहेर मातीचे ढीग होते. तिनं पर्समधून घडी काढली आणि उलगडली. गल्ली, वळण, वळणावरचं झाड, पाण्याची टाकी. पट्टी न लावता इतकी सरळ रेघ तिनं फार थोड्यांच्या हातची पाहिली होती. थांब्याच्या जागी त्यानं खूण केली होती.

एक फुली. तिचा एक पाय लांब ओढलेला, आणि टोक वर वळलेलं.