गाडी दोन बोटं खाली

या, जवळ सरका. सतरंजीवर अजून जागा आहे. गोष्ट लहानच आहे, एका उंच गाडीची आणि तिच्यात पाय न ठेवणाऱ्या एका माउलीची.

"कापू काय स्प्रिंगचं दोन वेढं?" मष्णूनं गाडीखालून डोकं बाहेर काढून विचारलं. "घटकाभरात गाडी खाली बसती बघा."

"कापायची न्हाय," रविराज म्हणाला. "कापलेली स्प्रिंग खड्ड्यात जागा सोडती. आणि धक्के झेलणाऱ्या जुन्या शॉकॉपवर सगळा मार बसतोय. आखूड स्प्रिंगा आणि त्यांच्या जोडीचेच शॉकॉप घालायचे."

पिरनवाडीच्या त्या गॅरेजात गाडी खाली करून घ्यायला पोरं नेहमी यायची. पण कपाळाला बुक्का लावलेला, चाळिशी ओलांडलेला नोकरदार माणूस मष्णूनं पहिल्यांदाच बघितला.

"सायेब, तुमाला रेस खेळायची न्हाय, पोरींवर छाप पाडायची न्हाय. मग खाली कशापायी?"

"आई चढत न्हाय गाडीत. पाय वर येत न्हाय म्हणती."

"आवं, मग पायाखाली पाट द्या की!"

"दिला. 'मी काय नवरी हाय व्हय, पाटावर चढायला?' म्हणाली आणि गेली आत."

मष्णू पोट धरून हसला. रविराज हसला नाही.

त्याची आई मालुबाई संकेश्वरजवळच्या गावात राहायची. आजूबाजूच्या चार गावांत कुठंही कीर्तन असो, ही बाई पहिल्या रांगेत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बायकांबरोबर दाटीवाटीनं उभी राहून जायची आणि आल्यावर बुवांचं आख्यान चुलीपुढं जसंच्या तसं म्हणून दाखवायची. गेल्या सालापासून ते सगळं बंद. बोलवायला आलेल्या बायकांना ती हात जोडून परत पाठवायची. चूल गप्प, घर गप्प. आई आतल्या आत वाळत चाललीय, हे रविराजला दिसत होतं. तिला पुन्हा कीर्तनात बसलेलं बघायचं, एवढंच त्याला हवं होतं.

"पर ट्रॉली तर ह्या गाडीपरास उंच असती की वो," मष्णू म्हणाला.

"तवा गुडघं धड होतं."

मष्णूनं मान हलवली आणि तो कामाला लागला. गाडी जॅकवर नुसती ठेवली नाही, खाली टेकूला भक्कम लोखंडी घोड्या लावल्या. जुनी स्प्रिंग शिकंज्यात आवळूनच बाहेर काढली. नव्या स्प्रिंगा बसल्यावर गाडी जमिनीवर उतरवली, तिचं वजन चाकांवर येऊ दिलं आणि मगच शेवटचे बोल्ट आवळले. चाकांची अलाइनमेंट झाली. हेडलाइटचा झोत परत जुळवला. ब्रेकचा पाइप कुठं घासत नाही ना, ते रविराजनं स्वतः वाकून बघितलं. शेवटी मष्णूनं शेजारच्या दुकानातले चार जाडजूड गडी गाडीत कोंबले आणि रस्त्यावरच्या सगळ्यात दांडग्या स्पीड ब्रेकरवरून गाडी नेली.

"घासली न्हाय!" तो खिडकीतून ओरडला. "आता आईसायबांना आना म्हनावं!"

गाडी जेमतेम दोन बोटं उतरली होती. पण रविराजनं दाराखाली पायरीची फळीही बसवून घेतली होती. आता लहान पोरसुद्धा चढलं असतं.

सप्ताहातल्या कीर्तनाच्या दिवशी तो बायको नीलमला घेऊन गावी आला. मालुबाई अंगणात रस्त्याकडं पाठ करून शेंगा फोडत बसली होती. रविराजनं हॉर्न दिला. आई हलली नाही. परत दिला, लांबलचक.

"अजून रुसल्यात," नीलम म्हणाली आणि उतरून पुढं गेली. सून समोर येताच मालुबाईचं तोंड फुललं. "आलासा व्हय गं? कवा आलासा?"

मग तिनं गाडी बघितली. फिरून बघितली. बॉनेटवर तळहात ठेवला. "चालूच हाय की रं अजून."

"आता बोल, आई," रविराज तिच्यासमोर उभा राहिला. "पाय येतोय का न्हाय वर?"

मालुबाईनं एकदा पायरीकडं आणि एकदा लेकाकडं बघितलं. तिचा चेहरा उतरल्यासारखा झाला. "कशाला एवढं केलंस रं," ती पुटपुटली. पण लुगडं नेसून आली आणि खाटेवर बसावं तशी सहज गाडीत बसली.

रविराजचे डोळे भरून आले. वाटेत तो चालवता चालवता बोलतच राहिला. बुवा कोण आहेत, मृदंगाला कोण आहे. मागं आई बाहेरच्या उसाकडं बघत बसली होती. कीर्तनाच्या ओढीत हरवली असंल, त्याला वाटलं.

देवळात मांडव गच्च भरला होता. बायकांच्या पहिल्या रांगेत नीलमच्या शेजारी मालुबाई बसली. बुवांनी चाल धरली, मृदंग घुमला, टाळ्या सुरू झाल्या. खांबाला टेकून रविराजनं आईकडं बघितलं. ती टाळी देत होती, ताल अजिबात न चुकवता. तिथंच त्यानं हात जोडले. सगळं पावलं होतं.

एवढ्यात करंट गेला. मांडवात मिट्ट काळोख. माइक बंद पडला, बुवा थांबले, मृदंग थांबला, टाळ्या थांबल्या.

त्या काळोखात एकच टाळी चालू राहिली. एकटी, संथ, तालात.

कोणीतरी मोबाइलचा उजेड पाडला. मालुबाईची नजर झटकन नीलमच्या हातांवर गेली. ते मांडीवर गप्प होते. तिनंही आपले हात हळूच खाली घेतले.

माउली, पुढच्या वेळी कीर्तनाला बसाल तेव्हा आमच्या मालुबाईंची आठवण ठेवा, आणि टाळी जरा वर धरून वाजवा, त्यांना ऐकू नाही आली तरी दिसंल अशी.