जवळचे फोन

“पाठवता आले नाही,” फोनने पुन्हा एकदा सांगितलं.

“काल रात्री अपडेट केल्यापासून हे असंच चाललंय,” ती इस्त्री फिरवत म्हणाली. समोर निळा शर्ट पसरलेला होता आणि त्याची कॉलर तिचं काही ऐकत नव्हती. “बघ ना जरा. फोटो तुझ्याकडे घे आणि माझ्याकडचे पुसून टाक. फोनमध्ये श्वास घ्यायला जागा उरलेली नाही.”

“मेसेजवर टाक की.”

“नको. त्यात धुरकट होतात.”

फोटो डोंगरावरच्या सहलीचे होते. दोघांचेच. एकात तिने त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं आणि त्या फोटोत तो आयुष्यात पहिल्यांदाच बरा दिसत होता. तो धुरकट होऊन चालणार नव्हतं.

सोफ्याच्या नेहमीच्या कोपऱ्यात तो सरसावून बसला. विमा कंपनीत तो दाव्यांची छाननी करायचा. लोकांवर संशय घेण्याचा त्याला पगार मिळे. सुटीच्या दिवशी तो हेच काम हौस म्हणून करी.

त्याने दोन्ही फोन बंद करून चालू केले. ब्लूटूथ घालवून परत आणलं, वायफायचंही तेच केलं. रुसलेल्या मुलांना शेजारी बसवावं तसे दोन्ही फोन एकमेकांना चिकटवून ठेवले. यादीत त्याच्या फोनचं मॉडेल होतं. त्यावर टिचकी मारली की चक्र फिरायचं, आशा लावायचं आणि मग हात वर करायचं.

“ती जुनी नोंद आहे रे,” ती म्हणाली. “आता मॉडेल दिसत नाही. आपण नंबर ज्या नावाने ठेवलाय ते नाव दिसतं. खाली सरकव. आणि आटप लवकर.”

त्याने खाली सरकवलं. ‘जवळचे फोन’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं आणि त्याखाली एकच नाव होतं.

प्लंबर.

आपलं नाव नाही, हे त्याला लागलं. प्लंबरचं आहे, हे त्याहून लागलं. फोन आसपास असल्याशिवाय त्या यादीत येत नाही, एवढं त्याला कळत होतं. म्हणजे माणूस फार तर भिंतीपलीकडे होता.

त्याने आपला फोन खिशात टाकला, तिचा हातात ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यायला. नळ ठणठणीत होता. बाथरूममधला त्याहून ठणठणीत. इतक्या वर्षांत या घरात पाण्याचा एक थेंब वाया गेलेला त्याने पाहिला नव्हता. मग प्लंबरचं इथे काम काय? त्याने खिडकीतून खाली पाहिलं. एक बाई कुत्र्याला फिरवत होती, किंवा कुत्रा बाईला. जिन्याकडच्या दाराला त्याने कान लावला.

“काय शोधतोयस?”

“रेंज.”

तो परत येऊन बसला. प्लंबर यादीत तसाच ठाण मांडून होता.

“हा तुझा प्लंबर,” त्याने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, “नेहमी येतो का गं?”

तिचा इस्त्रीचा हात थांबला. तिने फोनकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि हसू गालातच ठेवलं.

“येतो की. आठवड्यातून एकदा तरी.”

“काम कसं आहे?”

“काम कसलं! येतो, चहा पितो, बसतो. बोलतो मात्र फार.”

“आणि तू ऐकून घेतेस.”

“घेते. मला आवडतं.”

“देखणा असेल.”

“होता. आता पोट सुटलंय.”

त्याने नकळत स्वतःचं पोट आत घेतलं. तुलनेची वेळ आलीच तर तयारी असावी.

“माझ्यापेक्षा बरा?”

“तुझ्यासारखाच रे. डोक्याने जरा मंद.”

त्याची कानशिलं तापली. ही तोंडावर सांगते! ना भीड, ना पडदा. या बाईसाठी त्याने मित्र सोडले, रविवार सोडले, बदलीच्या गावची बढती सोडली. आणि तिने काय करावं? एका पुरुषाला शब्द द्यावा आणि दुसऱ्याला चहा! आज ती दुसऱ्याची निघाली तर उद्यापासून उठायचं तरी कशासाठी? माणसामाणसातला विश्वासच उरला नाही, असं त्याला मनापासून वाटलं. इतकं मनापासून, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

ते त्याने बाहीने पुसलं आणि छाननीदाराच्या थंड डोक्याने ठरवलं: पुरावा हवा.

त्याने खांद्यावर डोकं ठेवलेला फोटो निवडला. बघ म्हणावं नीट, ही कोणाची आहे ते. मग ‘प्लंबर’वर टिचकी मारली आणि श्वास रोखून कान टवकारले. ज्याचा फोन वाजेल तो चोर.

चक्र फिरलं. ‘पाठवले.’

त्याच्याच खिशात टिंग वाजलं.

त्याने फोन काढला. पडद्यावरून त्याचा स्वतःचाच सुखावलेला चेहरा त्याच्याकडे पाहत होता.

“मी? प्लंबर?”

“मग काय लिहू?” तिने इस्त्रीची पिन ओढली, आपला फोन त्याच्या हातातून काढून घेतला आणि सगळे फोटो भराभर पुसून टाकले.

बाहेर कुलपात किल्ली फिरली.

“नवरा आला,” ती हळूच म्हणाली आणि सोफ्याखालून पाना काढून तिने त्याच्या हातात दिला.