शनिवार कुणी निवडला?

एस्टेल झुकरने सिनेगॉगचं, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराचं, कॅलेंडर लोरेटाच्या पुढ्यात असं आपटलं, की कपातली कॉफी हिंदकळली.

"बारा ऑक्टोबर. वाच."

लोरेटाने चष्मा लावला. "योम किप्पूर," ती हळूच म्हणाली.

"आमचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस! कडक उपास, पाण्याचा थेंब नाही. आणि त्याच दिवशी क्लीव्हलंडच्या समस्त बायकांचा मोर्चा. म्हणजे ज्यू बायका सोडून समस्त! अगं, मग सरळ सांगायचं ना, येऊ नका म्हणून!"

चर्चच्या तळघरातल्या त्या खोलीत समितीच्या नऊ जणी बसल्या होत्या. एकीनेही वर बघितलं नाही. एस्टेल वर्षातून एकदाच सिनेगॉगची पायरी चढायची, पण चढायची ती याच दिवशी. मागच्या वर्षी हा दिवस सप्टेंबरात आला होता. ज्यूंचे सण तिथीने येतात, दर वर्षी पुढेमागे होतात. पण तेवढं बघून घ्यायला कितीसा वेळ लागतो?

त्यांच्यातली ग्वेन मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. "तुम्हा लोकांचं सदाचंच काहीतरी असतं बाई," ती म्हणाली. "बँका तुमच्या, वर्तमानपत्रं तुमची. आता शनिवारपण तुमचाच का?"

दोघी-तिघी फिसकन हसल्या. एस्टेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने लोरेटाकडे पाहिलं. लोरेटा अध्यक्ष होती. आता ती ग्वेनला चांगलं फैलावर घेईल, असं एस्टेलला वाटलं. पण लोरेटाने तोंडातून अक्षर काढलं नाही.

अकरा वर्षं या दोघींनी एकाच फलकाच्या दोन काठ्या धरल्या होत्या. लोरेटाची आई तिकडे अलाबामात अंथरुणाला खिळली, तेव्हा अख्खा जानेवारी आणि फेब्रुवारी एस्टेलने आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरून संघटनेचा गाडा ओढला. फोन, पत्रं, कागदांचे ढिगारे. तिच्या नवऱ्याला, मॉर्टीला, दोन महिने डब्यातलं सूप गरम करून खावं लागलं होतं. आणि त्याची ही परतफेड!

"ऑक्टोबरातला एखादा शनिवार, एवढंच आपलं ठरलं होतं," एस्टेल म्हणाली. "चार शनिवार होते. त्यातला नेमका हाच कुणी निवडला? महापालिकेत परवानगीचा अर्ज कुणी दिला?"

लोरेटाच्या मांडीवर पिवळी फाइल होती. तिने तिच्यावर हात ठेवला. "अर्ज संघटनेचा आहे. जबाबदारी माझी."

"मी नाव विचारतेय. कुणाला पाठीशी घालतेयस?" एस्टेलची नजर ग्वेनवरून हलत नव्हती.

"नाव नाही सांगणार मी."

"का? एवढं कोण लागून गेलंय?"

"एस्टेल, पुरे आता."

पुरे? एस्टेलने त्याच संध्याकाळी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. ग्वेनचं वाक्य शब्दाला शब्द लिहिलं, लोरेटाचं मौन लिहिलं, नाव लपवल्याचंही लिहिलं. चौथ्या दिवशी ते छापून आलं. तीन संघटनांनी मोर्चातून अंग काढून घेतलं. लोरेटाला रस्त्यात अडवून लोक जाब विचारायला लागले.

पुढच्या बैठकीत लोरेटाला काढायचं का, यावर मतदान घ्यायची वेळच आली नाही. लोरेटा आपण होऊन उभी राहिली.

"ग्वेन, त्या दिवशी तू बोललीस तो निव्वळ ज्यूद्वेष होता. तुला तिथल्या तिथे दार दाखवायचं सोडून मी गप्प बसले. तो गुन्हा माझा, म्हणून मी जातेय. पण आधी तू ऊठ."

ग्वेन पाय आपटत निघून गेली. एस्टेलला बरं वाटलं, पण पुरतं नाही.

"आणि तारीख? ते नाव?"

लोरेटाने कोट घातला, पिवळी फाइल काखेत मारली. "ते माझ्याबरोबर जाऊ दे," ती म्हणाली, आणि गेली.

एस्टेल अध्यक्ष झाली. उपासाला चार दिवस राहिले होते. त्याआधी, ज्याचं मन आपण दुखावलं त्याच्या दारी जाऊन माफी मागायची, ही रीत. त्या माणसाने माफ केलं नाही तर देवाकडे नुसता उपास धरून भागत नाही.

"यंदा कुणाकुणाकडे जायचंय तुला?" मॉर्टीने विचारलं.

"मी? यंदा लोकांनी माझ्याकडे यायचंय! लोरेटा येईलच, बघ तू. आणि आली तरी मी दार उघडायची नाही."

"अकरा वर्षांची मैत्रीण आहे तुझी."

"होती!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती महापालिकेत गेली. मोर्चा आठवडाभर पुढे ढकलायचा होता. खिडकीतल्या कारकूनबाईने तिचं ओळखपत्र घेतलं, मग म्हणाली, "मॅडम, तारीख बदलायची तर मूळ अर्जदारच लागतो. दुसऱ्या कुणाच्या सहीने बदलत नाही."

"झालं! आता तिला कुठून आणू?" एस्टेलचा आवाज चढला, तशा मागच्या रांगेतल्या माना वळल्या. "अहो, त्याच बाईला तर आम्ही शोधतोय. आमच्या अध्यक्षबाईंनी तिच्यासाठी तोंडात मिठाची गुळणी धरली. घरी बसल्या, पण नाव सांगितलं नाही! काढा तो अर्ज. मोठ्याने वाचा. कळू दे सगळ्यांना, आमच्या सणावर टपून बसलेली ही कोण ते!"

कारकूनबाईने अर्ज काढला. अर्ज पाहिला, ओळखपत्र पाहिलं, पुन्हा अर्ज पाहिला.

"मॅडम, थट्टा करताय का?" तिने फेब्रुवारीतला तो कागद काचेखालून पुढे सरकवला. "ही सही तुमचीच आहे."