साठ दिवसांचं नाव

"या फोनचं काही खरं नाही. गेल्या महिन्यापर्यंत सेविल होती यात. आता नाहीच."

फेरिदेआजी स्वतःशीच पुटपुटत होती. पण पडवीत चौघं गुडघ्याला गुडघा लावून तंबाखूची पानं दोऱ्यात ओवायला बसली, की स्वतःशी असं काही राहत नाही. पहाटे खुडून आणलेल्या पानांचा ढीग मध्ये होता. पानांच्या चिकानं आजीची बोटं काळी झाली होती आणि फोन त्या बोटांना दाद देत नव्हता. ती कोपरानं दाबून बघत होती.

"आई, ओवा ना तुम्ही. फोन कुठं पळतोय?" सून नाझमिये जरा घाईनंच म्हणाली.

"फोन नाही पळाला. पोरगी पळालीय. तिच्या जागी ही कोण सिल्व्हिया येऊन बसलीय. तोंड मात्र आपल्या सेविलचं."

सेविल समोरच बसली होती. कालच्या बसनं प्लोव्हदिव शहरातून आली होती. रबरी हातमोजे घालून ओवत होती, कारण लोकांची नखं रंगवणं हाच तिचा धंदा, आणि स्वतःची काळी नखं घेऊन सोमवारी दुकान उघडता येत नाही. हातमोज्यांवरून सकाळपासून तिची दोनदा चेष्टा झाली होती. आता कुणी हसलं नाही.

"अ‍ॅपमध्ये होतं असं कधीकधी," नाझमिये म्हणाली. नाव बदलल्याचं तिला तीन आठवड्यांपासून माहीत होतं.

"आण इकडं," यशार म्हणाला. त्यानं दाभण खाली ठेवलं, हात पँटला पुसले, आईच्या हातातून फोन घेतला आणि लांब धरून वाचला. मग मुलीकडे न बघता विचारलं, "कुणी केलं हे?"

"मीच केलं, बाबा. बायका अ‍ॅपवर नाव बघून वेळ घेतात. सेविल होते तेव्हा आठवड्याला चार यायच्या. त्यातली एक तुर्की नाव वाचून विचारायची, तुझ्याकडे कात्र्या धुतात ना गं? आता जेवायला फुरसत नाही. हात तेच, रंग तेच."

"बदल परत. आत्ता, माझ्यासमोर."

"नाही येत बदलता. एकदा बदललं की साठ दिवस थांबावं लागतं. त्यांचा नियम आहे."

"साठच?" आजी म्हणाली. "नाव परत द्यायला आम्हाला सहा वर्षं थांबवलं होतं."

नाझमियेला हसू फुटलं, ते तिनं मांडीवरच्या पानांत लपवलं. यशार उठून उभा राहिला.

उभं राहून बोलायची त्याला सवय होती. सरकारनं तुर्कांची नावं काढून घेऊन बल्गेरियन नावं दिली, त्या डिसेंबरची आठवण गावात दरवर्षी पाळतात, आणि तिथं भाषण यशारचंच असतं. तरुण पोरं डोळे पुसतात. म्हातारे बुटांकडे बघत राहतात.

"गुडघाभर बर्फ होतं," तो म्हणाला. "चौकात ट्रक, कुत्री, सैनिक. घराघरातून माणसं ओढून रांगेत उभी केली. तुझे आजोबा तेव्हा चार वर्षं मातीत होते, त्यांचंसुद्धा नाव बदललं. मेलेल्या माणसाचं! छातीवर बंदूक ठेवली, तेव्हा आम्ही नाव सोडलं. तुझ्या छातीवर कुणी ठेवली गं? नखं रंगवायला आलेल्या बाईनं?"

सेविलनं हातातलं पान दाभणावर चढवलं.

"पिशवी उचल. अकराची बस आहे. या घरात सिल्व्हिया नावाचं कुणी राहत नाही."

"अहो..." नाझमिये म्हणाली आणि तिथंच थांबली.

सेविलनं हातमोजे काढले. एकेक बोट ओढून, सावकाश. आत गेली आणि पिशवी घेऊन आली. फार सामान नव्हतंच. आईपाशी गेली असती तर रडली असती, म्हणून ती आजीपुढे वाकली आणि तिचा हात ओठांना लावून कपाळाला टेकवला. आजीनं तो हात परत घेतला नाही. नातीचं मनगट धरून ठेवलं. गोऱ्या मनगटावर काळी बोटं उमटली.

"बस खाली."

"आई, तू मध्ये पडू नकोस," यशार म्हणाला.

"मी कधी पडले? चाळीस वर्षं व्हायला आली, गप्पच आहे."

"आई."

"सैनिक गुरुवारी आले, यशार." आजीचा आवाज चढला नव्हता. भाव विचारावा तसं ती बोलत होती. "तू मंगळवारीच तालुक्याला जाऊन आलास. कुणी ओढून नेलं नव्हतं. ट्रकची नोकरी टिकवायची होती. यासेन होऊन आलास आणि जेवायला बसलास, मला काही बोलला नाहीस. गुरुवारी मी बायकांबरोबर रांगेत उभी राहिले. ठरवलं होतं, मारलं तरी नाही म्हणायचं. माझी पाळी आली. टेबलापाशी पोरगाच होता, विशीतला. त्यानं यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, थंडीत कशाला उभ्या राहिलात, फिदान्काबाई? मुलगा परवाच सही करून गेलाय तुमची."