सारख्या गोळ्या

डॉक्टरांनी पुडीतली गोळी बोटांत फिरवून पाहिली. नखानं जराशी खरवडली.

"ही तुला कुणी दिली?"

"मायनं," बाना म्हणाली. "दुपारची गोळी रोज पुडीत बांधून देती."

तिच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. उस्मानपुऱ्यातल्या शिलाईच्या दुकानात ब्लाउजला इस्त्री करताना तिला फेफरं आलं आणि पडताना तापलेली इस्त्री हातावर आली. दुकानाच्या मालकीण चतुराबाई तिला रिक्षात घालून इथं घेऊन आल्या होत्या.

"फिटची गोळी उन्हाळ्यापासून शहरात धड कुठं मिळत नाही. तुम्हाला कुठं मिळाली, म्हणून विचारलं," डॉक्टर म्हणाले. "पण ही ती नाही. ही कॅल्शियमची आहे."

बाहेर आल्यावर बाना चतुराबाईंना म्हणाली, "मेडिकलवाल्यानं फसवलं मायला. तिला वाचता येत नाय. दिसायला दोन्ही गोळ्या सारख्याच."

चतुराबाईंनी रिक्षाला हात केला.

क्रांती चौकात रिक्षा अडकली तेव्हा बानाला एकदम थोरला भाऊ आठवला. दादालाही तोच आजार, त्यालाही तीच गोळी. वाळूजच्या कंपनीत तो प्रेस मशीनवर उभा असतो. तिथं त्याला फेफरं आलं तर पंजाच जायचा. मग बजाजनगरात घरी पोचेपर्यंत तिला हाताची आग जाणवली नाही.

म्हाळसाबाई दारातच तांदूळ निवडत होती. पट्टी पाहून तिच्या हातातलं सूप कललं.

"माय, दादाला आता ती गोळी देऊ नको," बाना चप्पल न काढताच म्हणाली. "नकली हाये."

"त्याची चांगली हाये," म्हाळसाबाई बोलून गेली.

बाना उंबऱ्यावर उभीच राहिली. चतुराबाईंनी रिक्षा थांबवून ठेवली होती. त्या तिच्यात बसून निघून गेल्या.

"तुला कसं ठावं?"

म्हाळसाबाईनं सांडलेले तांदूळ गोळा करायला घेतले. "दोघांना पुरत नव्हती गं. लई हिंडले, कुठंच मिळंना. तो मशीनवर उभा असतो. तुझं बसून काम."

"माझ्या हातात इस्त्री होती, माय."

"तुला लई वर्सांत आलं नव्हतं. मला वाटलं, तुझं बरं झालं असंल."

"मग रोज पुडी कशाला बांधून देत होतीस?"

म्हाळसाबाईनं सूप बाजूला ठेवलं.

"नसती दिली तर तू दादाच्यातली अर्धी मागितली असती."

बाना आत जाऊन भिंतीला टेकून बसली. तिनं खरंच अर्धी मागितली असती. आणि दादानं दिली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लहानपणी शाळेत तिला फेफरं आलं की तोच वर्गातून पळत यायचा, तिला कुशीवर वळवायचा आणि शुद्धीवर येईपर्यंत हसणाऱ्या पोरांना दूर हाकलायचा. मायनं हे दादापासूनही लपवलं, त्याला काही ठाऊक नाही, असं तिच्या मनात आलं आणि तिला त्याही स्थितीत जरा बरं वाटलं.

तिचा दादा त्रिंबक कामावरून आला. तिचा हात पाहून तो दारातच थबकला, मग खाली मान घालून मोरीत गेला. हातपाय धुऊन जेवायला बसला. जेवण झालं तसं म्हाळसाबाईनं सवयीनं त्याच्या तळहातावर गोळी ठेवली. बानापुढंही एक धरली, पण मग तिची तिलाच लाज वाटली असावी, ती हात मागं घेऊ लागली.

बानानं डाव्या हातानं ती गोळी घेतली आणि भावापुढं धरली.

"दादा, आज तू ही घे," ती म्हणाली. "तुझी मला दे."

त्रिंबकनं मायकडं पाहिलं. गोळी का बदलायची, हे त्यानं विचारलं नाही. त्याची मूठ हळूहळू मिटली.