टायगरचे डोळे

हौसाबाईने टायगरला मासळीच्या टेम्पोतून खाली उतरवलं आणि साखळी सोडली. तीन वर्षांचा धिप्पाड लॅब्राडोर दोन पावलं चालला आणि यतीनच्या पडवीच्या खांबावर सरळ जाऊन आपटला.

"बघलात, यतीनबाबानु?" हौसाबाई म्हणाली. "तुमी दिलेलो कुत्रो आमच्या हातान आंधळो झालो. माफी मागूक इलंव."

आता काय म्हणावं या बाईला! मिठबावहून सावंतवाडी, एवढं अंतर माशांच्या पेट्यांवर बसून आली, तीही माफी मागायला. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या गिऱ्हाइकाला कसं गुंडाळायचं ते पिल्लं विकून विकून यतीनला चांगलं ठाऊक होतं.

त्याने आतून टॉर्च आणला आणि टायगरच्या डोळ्यांत मारला. बाहुल्या मोठ्याच्या मोठ्याच राहिल्या. खरं तर टॉर्च आणायची काही गरज नव्हती, पण हातांना काहीतरी काम हवं होतं.

"कशान झाला असा?" त्याने विचारलं.

"ह्या माझ्या सुनेचा काम." हौसाबाईने अंगणात उभ्या असलेल्या अक्षयाकडे बोट केलं. ती पोरगी पडवीत चढलीच नव्हती. "मे म्हयन्यात मसाल्याचे मिरचे अंगणात सुकत घातल्यान आणि आपण गेला आत. टायगरान त्येच्यात तोंड घातल्यान. दोन दीस डोळे लाल. मगे बरे झाले, पण दिवाळेपासून तिनसांजेचो भिंतीर आपटूक लागलो. आता दिसाचाय दिसणा नाय. घरात कोण हिच्याशी धड बोलणा नाय, बाबानु. माझो झील, हिचो नवरो, जेवक वाढलेला ताटसुद्धा हिच्या हातातला घेणा नाय."

यतीनचे कान तापले. मिरचीने दोन दिवस डोळे चुरचुरतात, आधी संध्याकाळचं आणि मग दिवसाचं दिसेनासं होत नाही. हे रक्तातलं दुखणं होतं, आणि ते कुठून आलं हे सावंतवाडीत एकट्या यतीनला माहीत होतं. टायगर जन्मायच्या आधी त्याने आपल्या डायना कुत्रीचं रक्त पुण्याच्या डॉक्टरांमार्फत परदेशी तपासायला पाठवलं होतं. रिपोर्ट आला. आंधळेपणाचा दोष डायनात लपलेला आहे, तिला स्वतःला काही होणार नाही, पण तसाच दोष असलेला नर लावलात तर चारांतलं एखादं पिल्लू आंधळं होईल. आधी नर तपासा, मगच लावा. पण कोल्हापूरचा बक्षिसं मिळवलेला नर ठरला होता, त्याचा मालक तपासणीला तयार नव्हता, आणि डायनाचा माज दोन दिवसांत उतरला असता. बघू पुढे, असं म्हणून यतीनने रिपोर्ट कपाटात टाकला. पुढे त्याने काही बघितलं नाही. तोच नर आणखी दोनदा लावला. तिसऱ्या वेताची पिल्लं या घडीला पडवीच्या दुसऱ्या टोकाला, पिल्लू विकत घ्यायला आलेल्या पणजीच्या एका गृहस्थांच्या मांडीवर लोळत होती.

"मिरचेन डोळे असे आंधळे होणत नाय गो," यतीन हळूच म्हणाला.

अक्षयाने झटकन वर बघितलं.

"मग कशान गेले?" हौसाबाईने विचारलं.

सांगायचं तर एका वाक्याचं काम होतं. यतीनने तोंडही उघडलं. तेवढ्यात पणजीच्या गृहस्थांनी पिल्लाला खाजवायचं थांबवून इकडे कान दिला.

"म्हणजे… होणत नाय सहसा," यतीन म्हणाला. "पण झणझणीत असली तर काय सांगूचा."

लाज वाटली त्याला. वाटली म्हणून शब्द काही परत गेले नाहीत.

अक्षया आता पडवीत आली. यतीनला काही कळायच्या आत वाकली आणि त्याच्या पायांना हात लावला.

"दादा, माझा लक्ष नाय होता," ती म्हणाली. "त्येका दुखता काय हो?"

"नाय गो. दुखणा नाय." तेवढं एक त्याला खरं बोलता आलं.

"त्या दिसापासून मी मसालो सोडलो. पेज आणि मीठ. त्येका दिसाक लागापर्यंत खाणंय नाय. बरो होतलो मां?"

यतीनला तिच्याकडे बघवेना. तो टायगरच्या मानेवरून हात फिरवत राहिला आणि टायगर तो हात चाटत राहिला.

"तुमका दुसरा पिल्लू देतंय," तो घाईघाईने म्हणाला. "पैशे नको, तसाच न्हेवा."

"नको, बाबानु." हौसाबाईने हात जोडले. "ज्येंका सांभाळूक येता, त्येंकाच देवा. आमच्या घरात परत असाच काय तरी होतला."

दोघी टायगरला धरून फाटकाकडे निघाल्या. अक्षया पुढे चालत त्याला वाट दाखवत होती, दगड आला की थांबवत होती.

"काय हो, काय झालं त्या कुत्र्याला?" पणजीच्या गृहस्थांनी मांडीवरच्या पिल्लाचे कान कुरवाळत विचारलं. "तुमच्याकडचाच ना?"

"हो, आमच्याकडचाच," यतीन म्हणाला. "सुनेने निष्काळजीपणा केला. डोळ्यांत मिरची गेली."

फाटकापाशी अक्षयाने ते ऐकलं. ती मागे वळली आणि त्या परक्या माणसाकडे बघून, होय, म्हणून तिने मान हलवली.